सत्तर वर्षांचे पत्र

मुलताईपाशी उगम पावलेली तापी खानदेशाच्या काळ्या जमिनीतून वाहत येऊन ज्या शहरापलीकडे समुद्राला मिळते, त्या सुरतेकडे खानदेशातील माणसांचा ओघही गेली कित्येक दशके वाहत आला आहे, आणि त्या ओघाला वाट करून दिली ती जळगावहून अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर, व्यारा, बारडोली अशी गावे घेत सुरतेतील उधन्याला पोहोचणाऱ्या लोहमार्गाने. सुरतेतील लिंबायत हा या ओघाचा एक मोठा मुक्काम आहे. सुरत महानगरपालिकेचा आग्नेय विभाग याच नावाने ओळखला जातो. येथील गल्ल्यांतून अहिराणी आणि मराठी सहज कानी पडते, शहरात पालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा चालतात, आणि यंत्रमाग, रंगाई-छपाईच्या गिरण्या व कापड बाजार यांच्या आधारावर हजारो घरांची चूल पेटते. पुरुष मागावर किंवा गिरणीत बारा-बारा तासांच्या पाळ्या करतात, तर घरोघरी बायका साड्यांना लेस, टिकल्या आणि खडे लावण्याचे, सुटलेले धागे कापण्याचे काम दिवसभर करीत असतात.

याच लोहमार्गावरील नवापूर स्थानकाचा फलाट दोन राज्यांत विभागलेला आहे: त्याचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत मोडतो. नंदुरबार, तापी आणि डांग या जिल्ह्यांचा आदिवासी मुलूखही असाच सीमेच्या दोन्ही अंगांना पसरलेला असून, त्यात ख्रिस्ती विश्वासात वाढलेली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. नवापूर तालुक्यातील चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय हे त्या परंपरेचे एक सुपरिचित ठिकाण होय. अशा मुलखातून कामासाठी शहरात येणाऱ्या कुटुंबाला गावची मंडळी, म्हणजे एकत्र उपासना करणाऱ्या विश्वासणाऱ्यांचा समुदाय, मागे सोडून यावे लागते. ओळखीचा पाळक, रविवारची घंटा, लहानपणापासून ऐकलेली गीते गाणारे आवाज, आजाऱ्याच्या उशाशी येऊन बसणारी वडीलधारी माणसे, यांपैकी काहीच बोचक्यात बांधून आणता येत नाही. येते ते फक्त पाठ असलेले. म्हणून पवित्र शास्त्राचा अभ्यास आणि त्यातील वचनांचे पाठांतर हा विषय लिंबायतसारख्या वस्तीत केवळ धार्मिक शिस्तीचा राहत नाही. परमुलखात माणसाचा विश्वास कशावर उभा राहतो, या प्रश्नाशी तो जाऊन भिडतो.

मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये ‘वचन’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. व्यापक अर्थाने देवाचे समग्र बोलणे म्हणजे वचन, आणि रोजच्या वापरात बायबलमधील अध्याय व क्रमांकासह सांगता येणारे एखादे वाक्य म्हणजेही वचन. शब्बाथशाळेत, म्हणजे रविवारी भरणाऱ्या मुलांच्या वर्गात, दर आठवड्याला एक सुवर्णवचन पाठ करून घेतले जाते, ते दुसऱ्या अर्थाने. प्रोटेस्टंट बायबलात ६६ पुस्तके, १,१८९ अध्याय आणि सुमारे ३१,००० वचने आहेत. त्यांतील मूठभर वचनेच सामान्य विश्वासणाऱ्याच्या जिभेवर असतात, आणि तरीही संकटाच्या रात्री तीच मूठभर वचने उपयोगी पडतात, ही गोष्ट क्षुल्लक मानण्यासारखी नाही. मागांच्या कारखान्यात शेजारच्या माणसाशी बोलायचे तर कानाशी तोंड न्यावे लागते. तेथे पुस्तक उघडण्याला सवड नसते, प्रवचन ऐकू येण्याची शक्यता नसते. पण तुटलेला धागा जोडणारे हात आपल्या सवयीने चालत असताना मन मात्र मोकळे असते, आणि त्या मोकळ्या मनात काय घोळत राहावे हे ज्याने त्याने आधीच ठरवून ठेवलेले असावे लागते. तेथे तेविसावे स्तोत्र पाठ असलेला कारागीर आणि पाठ नसलेला कारागीर यांच्या बारा तासांत फरक पडतो. तो फरक पगाराच्या पाकिटात दिसत नाही, एवढेच.

पाठांतराला मराठी मन परके नाही. दिवेलागणीला घराघरात म्हटला जाणारा परवचा, म्हणजे पाढे आणि श्लोक यांची मोठ्याने केलेली उजळणी, वारकऱ्यांचा रोजचा हरिपाठ, जात्यावर सुचलेल्या आणि जात्यावरच पुढच्या पिढीला मिळालेल्या ओव्या, या सगळ्यांतून येथील लोकांनी लिपीविना ज्ञान सांभाळले. जळगावजवळच्या असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी त्यांच्या स्मरणात आणि ओठांवर होती, ती इतरांनी टिपून घेतली, आणि त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. ज्या खानदेशाने हा वारसा दिला, त्याच खानदेशातून आलेल्या एखाद्या आजीला अक्षरओळख नसली म्हणून तिला शास्त्राभ्यासाच्या वर्तुळाबाहेर समजणे हा मोठा अन्याय ठरेल. वाचता येणारी नात एकेक ओळ वाचते, आजी ती दोनदा ऐकून तिसऱ्यांदा स्वतः म्हणते, आणि महिन्याभरात नातीच्या आधी आजीचाच अध्याय पाठ होतो, हे अनेक घरांत घडू शकते. ज्याला लिहून ठेवण्याची सोय नाही त्याचे स्मरण तल्लख राहते, कारण दुसरा आधारच नसतो.

ख्रिस्ती मराठीची सुरुवातही गाऊन स्मरणात ठेवण्याच्या ग्रंथाने झाली, हे येथे आठवले पाहिजे. इंग्लंडातून गोव्यात आलेले येशूसंघीय धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांनी ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रचले. १६१६ मध्ये ते राचोल येथे छापले गेले आणि पुढे १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना जुनी पुराणे वर्ज्य झाली होती, आणि त्यांच्या जागी मनाला धरून ठेवील असे काही हाती नव्हते. ही पोकळी स्टीफन्स यांनी ओळखली व ती गद्य प्रश्नोत्तरांवर न सोडता ज्ञानेश्वरांच्या छंदाने भरली. त्या पहिल्या आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले. तरी हस्तलिखितांच्या आणि लोकांच्या मुखाच्या आधाराने ख्रिस्तपुराण टिकले, आणि १९०७ मध्ये मंगळुरात त्याची पुन्हा आवृत्ती निघाली. ग्रंथ नाहीसा करता येतो, छापखाना बंद पाडता येतो. पण जे ओवीच्या लयीत घशात उतरले आहे ते हुकूम काढून परत घेता येत नाही. सुरतेलाही छपाईचा असाच जुना वारसा आहे: लंडन मिशनरी सोसायटीच्या स्किनर आणि फायवी यांनी याच शहरात राहून गुजराती नव्या कराराचे भाषांतर केले व १८२० च्या सुमारास तो येथेच छापला. मराठी नवा करार त्याआधीच, १८११ मध्ये, विल्यम कॅरी यांच्या प्रयत्नाने बंगालमधील श्रीरामपूरला छापून निघाला होता.

पाठांतर आणि अर्थबोध यांचे नाते ज्या एका मराठी जीवनात सर्वांत खोलवर उमटले ते पंडिता रमाबाईंचे. १८५८ मध्ये जन्मलेल्या रमाबाईंना आईने लहानपणीच भागवत पुराण शिकवले. तीर्थक्षेत्री बसून संस्कृत पुराण मोठ्याने वाचायचे आणि श्रोते जे देतील त्यावर कुटुंबाने गुजराण करायची, असा त्यांच्या घराचा क्रम होता, आणि हजारो श्लोक त्यांना मुखोद्गत होते. ऐकणाऱ्या बहुतेकांना संस्कृत कळत नसे. ऐकल्याने पुण्य लागते एवढी श्रद्धा त्यांना पुरेशी वाटे. दुष्काळाने आईवडील हिरावून नेल्यावर ही मुलगी १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली, आणि तेथील विद्वानांनी तिच्या स्मरणशक्तीने व विद्वत्तेने थक्क होऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८३ मध्ये इंग्लंडातील वाँटेज येथे तिचा बाप्तिस्मा झाला. येथे कथा संपली असती तर ती एका धर्मांतराची कथा राहिली असती. पण रमाबाईंनी स्वतः पुढे लिहून ठेवले की बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त मात्र सापडलेला नव्हता, आणि तो त्यांना भेटला तो सुमारे आठ वर्षांनी, शास्त्राच्या वाचनात आपल्या पापक्षमेचा प्रश्न त्यांनी थेट स्वतःला लावून पाहिला तेव्हा. विश्वास स्वीकारणे आणि विश्वास दृढ होणे या दोन घटनांमधले अंतर इतक्या प्रांजळपणे सांगणारी साक्ष मराठीत विरळा आहे. ‘साक्ष’ म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केले याचे विश्वासणाऱ्याने इतरांपुढे केलेले निवेदन.

ज्या बाईला अर्थाविना म्हटलेल्या पाठाचे सामर्थ्य आणि त्याची पोकळी ही दोन्ही लहानपणापासून ठाऊक होती, तिने उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर स्वतः हाती घेतले, यात एक गंभीर सुसंगती आहे. त्यांनीच स्थापलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये राहणाऱ्या विधवा, दुष्काळातून वाचवलेल्या मुली, शेतकामाच्या घरांतून आलेल्या बायका यांना समजेल अशी साधी भाषा त्यांना हवी होती. त्या काळी प्रचलित असलेल्या भाषांतरातील संस्कृतप्रचुर शब्द या बायकांच्या डोक्यावरून जातात, अशी त्यांची तक्रार होती. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा भाषांतराचे काम नुकतेच हातावेगळे झाले होते. मुक्तीच्याच छापखान्यात, तेथील मुलींनी व बायकांनी हातभार लावलेला तो ग्रंथ १९२४ मध्ये छापून पूर्ण झाला. श्लोकांच्या राशी मुखोद्गत असलेल्या पंडितेने आपली शेवटची वर्षे निरक्षर बाईच्या कानाला वचन कसे लागेल या चिंतेत घालवली, हे भाषांतराच्या इतिहासातील केवळ एक नोंद म्हणून वाचून पुढे जाणे जमत नाही. साड्यांना टिकल्या लावत बसलेल्या लिंबायतच्या बाईसाठीही ते काम झाले होते, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही.

मात्र पाठांतर आपोआप विश्वास वाढवते असे मानणे शास्त्रालाच मान्य नाही, आणि या बाबतीत मंडळ्यांनी स्वतःशी अधिक कठोर व्हायला हवे. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात अरण्यातील परीक्षेची जी हकिकत आहे, तिच्यात येशूने सैतानाला दिलेली तिन्ही उत्तरे अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायांतून आलेली आहेत. चाळीस दिवसांच्या उपासाने थकलेल्या माणसापाशी त्या अरण्यात गुंडाळीही नव्हती आणि शास्त्रीही नव्हता, जे होते ते बालपणी पाठ झालेले होते. पण त्याच प्रसंगात सैतानही शास्त्र म्हणून दाखवतो. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक असे सुचवताना तो एक्याण्णवाव्या स्तोत्रातील संरक्षणाचे अभिवचन सादर करतो, फक्त ते ज्याच्यासाठी आहे त्या भरवशाच्या जीवनापासून तोडून. दोघांनाही वचन तोंडपाठ आहे. फरक आहे तो वचन आणि त्याचा संदर्भ, वचन आणि आज्ञापालन, यांच्या नात्यात. हा प्रसंग शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी वर्षातून एकदा तरी स्वतःसाठी वाचावा.

वचने सुटी करण्याची सवय काही अंशी छपाईनेही लावली. बायबलची आजची अध्यायवार विभागणी तेराव्या शतकाच्या आरंभीचे इंग्रज धर्मगुरू स्टीफन लँग्टन यांच्या नावावर आहे, आणि नव्या कराराच्या वचनांना आजचे क्रमांक दिले ते रॉबर्ट एतियेन या मुद्रकाने, १५५१ च्या आपल्या ग्रीक आवृत्तीत. क्रमांकांमुळे शोधणे आणि पाठ करणे सोपे झाले. त्याबरोबर पत्राचे एक वाक्य पत्रातून, स्तोत्राची एक ओळ स्तोत्रातून उचलून घेणेही सोपे झाले. कॅलेंडरावर, रिक्षाच्या काचेवर, मोबाइलच्या पडद्यावर असे एकेकटे वचन झळकते. लोक श्रद्धेने ते वाचतात, आणि त्या श्रद्धेचा अनादर कोणी करू नये. पण गळ्यातल्या ताइताप्रमाणे वचन वापरले जाऊ लागले की ते बोलायचे थांबते. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातील अकरावे वचन. देवाच्या मनातील संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, आणि ते आशा व भविष्य देणारे आहेत, अशा आशयाचे हे वचन वाढदिवसाला, परीक्षेच्या निकालाला, नोकरीच्या मुलाखतीला दिले जाते. घेणाऱ्याला ते व्यक्तिगत यशाची हमी वाटते.

मूळ अध्याय उघडला की ते वचन एका पत्राचा भाग आहे हे दिसते, आणि पत्र लिहिलेले आहे ते स्थलांतरितांना. इसवी सनापूर्वी ५९७ मध्ये बाबेलच्या राजाने यरुशलेमेतून राजा, कारागीर, लोहार आणि प्रतिष्ठित लोक पकडून नेले होते. त्या हद्दपारांना यिर्मया संदेष्ट्याने एलासा आणि गमऱ्या यांच्या हाती हे पत्र पाठवले. आदल्याच अध्यायात हनन्या नावाच्या संदेष्ट्याने दोन वर्षांत सर्व जण परत येतील असे जाहीर सांगितले होते, आणि दोन वर्षे ही मुदत सर्वांना हवीहवीशी होती. यिर्मया सत्तर वर्षे सांगतो. घरे बांधा आणि त्यांत राहा, मळे लावा आणि त्यांचे फळ खा, मुलांची लग्ने करा, संख्येने वाढा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याच्या हितासाठी झटा व त्यासाठी देवाकडे प्रार्थना करा, कारण त्याच्या कुशलात तुमचे कुशल आहे, असा पत्राचा आशय आहे. अकरावे वचन यानंतर येते. ते सुखद शब्द त्या दीर्घ, नकोशा आकड्याला टेकून उभे आहेत, आणि त्याच्यापासून वेगळे केले की त्यांचे वजनच जाते.

गावाकडून सुरतेला येणारे बहुतेक लोक थोड्याच दिवसांसाठी म्हणून येतात: कर्ज फिटेपर्यंत, बहिणीचे लग्न होईपर्यंत, दोन वर्षे. मग खोलीचे भाडे वाढते, मुले शाळेत जाऊ लागतात, गावच्या घराचे छप्पर गळू लागते, आणि शहराला आपले म्हणावे की नाही याचा निर्णय न घेताच आयुष्य पुढे सरकत जाते. अशा घरात यिर्मयाचे हे पत्र चौथ्या वचनापासून चौदाव्यापर्यंत पाठ केले गेले तर अकराव्या वचनाचा अर्थ आपोआप बदलतो. मुलाची नोकरी लागेल की नाही या चिंतेला ते उत्तर देत नाही. ज्या गल्लीत राहतो तिची गटार तुंबली आहे, शेजारचा ओडिया कारागीर आजारी आहे, समोरच्या घरातील मुसलमान कुटुंबाचा मुलगा दहावीत आहे, या गोष्टी प्रार्थनेच्या विषयांत येतात की नाही, असा प्रश्न ते विचारते. लिंबायत ही अनेक भाषांची, अनेक धर्मांची वस्ती आहे. त्या नगराचे हित साधा, हा आदेश तेथे फार ठोस होऊन समोर येतो, आणि विश्वास दृढ होणे म्हणजे काय याचे एक मोजमापही त्यातून मिळते: पाठ झालेल्या वचनांची संख्या त्यात धरली जात नाही, शेजाऱ्यासाठी केलेली प्रार्थना आणि तिच्यामागून जाणारे पाऊल धरले जाते.

या अभ्यासाची रीत फारशी अवघड नाही, परंतु तिला चिकाटी लागते. आठवड्यातून एकदा, रात्रपाळी आणि दिवसपाळी यांचा मेळ घालून, एखाद्या खोलीत पाच-सात माणसे जमतात. उतारा मोठ्याने दोनदा वाचला जातो, आणि मग कोणी लिहिले, कोणाला लिहिले, त्यांची परिस्थिती काय होती, आधी आणि नंतर काय आले आहे, हे प्रश्न विचारले जातात. अर्थ कळल्याशिवाय पाठांतर सुरू करू नये, हा नियम रमाबाईंच्या अनुभवाने पुरेसा सिद्ध केला आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दिसले की शिकलेले बरेचसे पहिल्या काही तासांत आणि दिवसांत विसरले जाते, आणि अंतराअंतराने केलेली उजळणी एका बैठकीतील घोकंपट्टीपेक्षा अधिक टिकते. परवचा म्हणणाऱ्या घरांनी हे प्रयोगशाळेविना ओळखले होते. शास्त्राच्या रचनेतही स्मरणाची सोय केलेली आढळते. एकशे एकोणिसावे स्तोत्र १७६ वचनांचे आहे, आणि हिब्रू मुळाक्षरांच्या क्रमाने त्याचे आठ-आठ वचनांचे बावीस भाग पाडलेले आहेत, म्हणजे मूळ भाषेत ते म्हणणाऱ्याला पुढचे अक्षर पुढच्या भागाची वाट दाखवी. मराठीत ही सोय उरत नाही. म्हणून येथे चालीचा आधार घ्यावा लागतो. कवी नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भक्तीला अभंगाची चाल दिली आणि लक्ष्मीबाईंनी पतीचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य पूर्ण केले, त्यामागे वचन गळ्यावर चढल्याशिवाय मराठी माणसाच्या मनात घर करीत नाही ही जाण असावी.

एक अडचण मात्र जुन्या कोणत्याही पिढीपुढे नव्हती. लिंबायतमध्ये वाढणारे मूल घरी अहिराणी किंवा मावची ही आदिवासी बोली ऐकते, शाळेत गुजराती, हिंदी किंवा इंग्रजीत शिकते, आणि उपासनेला मराठी बायबल हाती घेते. त्याने वचन कोणत्या भाषेत पाठ करावे? आईवडिलांचा आग्रह मराठीचा असतो, आणि त्यात गावाशी असलेले नाते तुटू नये ही रास्त तळमळ असते. पण मुलाला जी भाषा वाचता येत नाही तिच्यात पाठ केलेले वचन त्याच्या मनात केवळ नाद म्हणून राहण्याचा धोका आहे, आणि अर्थावाचून राहिलेल्या नादाची किंमत रमाबाईंनी जाणली होती. तेव्हा मूल ज्या भाषेत रुसते, भांडते आणि स्वप्न पाहते तिच्यात वचन आधी उमजू द्यावे आणि मराठीत ते आजीबरोबर म्हणू द्यावे, हा मार्ग अधिक श्रेयस्कर दिसतो. दोन भाषांत पाठ केलेले वचन दोनदा विचार करायला लावते. धर्मगुरू व लेखक फ्रान्सिस दिब्रिटो यांनी वसईच्या भूमीत बसून ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले, ते अशाच एका जाणिवेतून की प्रत्येक पिढीला शास्त्र तिच्या बोलण्यातून पुन्हा ऐकवावे लागते.

यिर्मयाचे पत्र ज्यांनी प्रथम ऐकले त्यांपैकी बहुतेकांना सत्तर वर्षांनंतरचा दिवस दिसणार नव्हता. जे अभिवचन त्यांनी पाठ करायचे ते नातवंडांच्या वाट्याचे होते, आणि ते पत्र टिकले ते कोणीतरी जपून पुढच्या हाती दिल्यामुळे. दानीएलाच्या पुस्तकाचा नववा अध्याय याचा पुढचा भाग सांगतो. तरुणपणी बाबेलात नेलेला आणि आता वृद्ध झालेला दानीएल, दारयावेशाच्या कारकिर्दीच्या पहिल्या वर्षी, यिर्मयाच्या ग्रंथाचा अभ्यास करीत असताना सत्तर वर्षांचा आकडा समजून घेतो. मुदत भरत आली, हे कळल्यावर तो आनंदोत्सव मांडील अशी वाचकाची अपेक्षा असते. तो उपास करतो, गोणपाट नेसतो आणि प्रार्थना करतो, आणि त्या लांब प्रार्थनेत मोशेच्या नियमशास्त्राचे शब्द जागोजाग येतात, कारण ते त्याच्या बोलण्याचाच भाग झालेले आहेत. ज्या पिढीच्या पापांमुळे हद्दपारी आली तिच्याविषयी बोलताना तो ‘त्यांनी’ असे म्हणत नाही. आम्ही पाप केले, आम्ही ऐकले नाही, आम्हीच लज्जित आहोत, असे बोलतो, जरी त्या अपराधांच्या वेळी तो लहान असला पाहिजे. लिंबायतच्या घरगुती अभ्यासात यिर्मयाचा एकोणतिसावा अध्याय पाठ झाल्यावर दानीएलाचा हा नववा अध्याय घेतला जावा, आणि त्यातील चौथ्या वचनापासून एकोणिसाव्या वचनापर्यंतची प्रार्थना, घाई न करता, दर आठवड्याला दोन-दोन वचने, त्या खोलीतील सर्वांनी मिळून शिकावी.